मोटारगाडीतील विद्युत् भारण व इशारा दिवा

मोटारगाडीतील विद्युत् भारण व इशारा दिवा : एंजिनाच्या शक्तीवर वीज निर्माण करून घटमालेतील (बॅटरीतील) खर्च झालेली वीज भरून काढणे आणि दिवे, प्रज्वलन इत्यादींस वीज पुरविणे या क्रियेस विद्युत् भारण म्हणतात. या क्रियेत खंड पडल्याची सूचना देणारा, चालकासमोरील फलकावरील लहान लाल दिवा म्हणजे इशारा दिवा होय. हा दिवा विजेचे मापन करीत नाही. तो फक्त दोन ठिकाणच्या विद्युत् दाबांची तुलना करतो. जुन्या गाडीतील दोषांचे निदान बव्हंशी या एका गोष्टीच्या आकलनावर अवलंबून असते.

इतिहास : प्रारंभीच्या गाड्या हाताने दांडा फिरवून सुरू करीत. ठिणगीसाठी मॅग्नेटो व प्रकाशासाठी ॲसिटिलीन वायूचे दिवे वापरीत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विद्युत् आरंभक (स्टार्टर) बसविण्यात आला. आरंभकासाठी घटमाला व घटमालेसाठी जनित्र (डायनामो) आवश्यक ठरले. फोर्डच्या ‘टी’ नमुन्यात ही साधने १९१९ पासून मिळू लागली.

जनित्राचा विद्युत् दाब एंजिनाच्या गतीबरोबर वाढतो. त्यास आवर घालण्यासाठी प्रथम तिसऱ्या कुंच्याची (ब्रशची) योजना करण्यात आली. हा कुंचा हाताने सरकवून प्रवाह ठरवीत. परिणामी दिवसा लांबचा प्रवास केल्यास घटमालेस अतिभार होई, तर रात्री दिव्यांना वीज पुरत नसे. १९३० नंतरच्या दशकात कंप पावणाऱ्या स्पर्शकांचे नियामक प्रचारात आले व ही अडचण बरीचशी दूर झाली.

त्याच सुमारास प्रवाह आत येतो की बाहेर जातो हे दाखविणाऱ्या अँमीटरची जागा इशारा दिवा घेऊ लागला. अमेरिकेतील हडसन गाड्या या बाबतीत अग्रेसर होत्या. दिवा स्वस्त व सहज लक्षात येणारा असला, तरी प्रवाह किती हे त्यावरून कळत नाही. म्हणून अमेरिकेत त्यास ‘मूर्खांचा दिवा’ असे उपहासाने म्हणत.

प्रत्यावर्ती जनित्रात (अल्टरनेटरमध्ये) निर्माण होणारा उलटसुलट प्रवाह एकदिश करावा लागतो. सेलेनियमाचे एकदिशकारक अवजड असल्याने त्याचा वापर मर्यादित राहिला. सिलिकॉन डायोड उपलब्ध झाल्यावर क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत ते बसविले व लवकरच ते सर्वत्र रूढ झाले. एंजिन संथ असतानाही घटमाला भारित होणे हा त्याचा मोठा फायदा होय. भारतात २०१४ पर्यंत तयार झालेली अँबॅसडर आणि मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी यांच्या आरंभीच्या गाड्यांत डायनामो असे. पुढे अल्टरनेटर आले. जुन्या गाड्यांत अशी बदली मागाहूनही केली जाते. म्हणून गाडीत कोणते जनित्र आहे हे प्रथम पाहावे लागते.

दिव्याचा अर्थ : डायनामोच्या गाडीत दिवा प्रज्वलनाच्या किल्लीची तार व डायनामो यांच्यामध्ये जोडलेला असतो. डायनामोचा दाब घटमालेएवढा झाला, की तो विझतो. एंजिन संथ असताना तो किंचित लुकलुकणे हा दोष नव्हे. अल्टरनेटरच्या बाबतीत मात्र ते दोषाचे लक्षण ठरते. शिवाय पुष्कळ अल्टरनेटरांत क्षेत्र गुंडाळीस लागणारा आरंभीचा प्रवाह या दिव्यातूनच जातो. त्यामुळे दिव्याची तार तुटल्यास अल्टरनेटर वीज देण्यास प्रारंभच करीत नाही किंवा एंजिन वेगाने फिरविल्यावरच करतो. किल्ली फिरवताच दिवा न लागणे ही म्हणूनच पहिली धोक्याची खूण होय.

दोषनिदान : चालत्या गाडीत दिवा एकाएकी पूर्ण तेजाने लागल्यास पंख्याचा पट्टा तुटलेला असू शकतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालत असल्याने तशीच गाडी हाकल्यास एंजिन तापून निकामी होते. मंद प्रकाश सैल जोड, गंजलेले स्पर्शक किंवा निकामी डायोड सुचवितो. किल्ली काढल्यावरही अल्टरनेटरच्या गाडीतील दिवा लागलेला राहिल्यास एखाद्या डायोडमध्ये मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) झाल्याचा संभव असतो. तेव्हा घटमालेची तार सोडून ठेवणे इष्ट होय.

दिवा विझलेला असला, तरी भारण योग्य होतेच असे नाही. याची खात्री व्होल्टमापकाने होते. १२ व्होल्टच्या पूर्ण भारित घटमालेचा दाब विश्रांत स्थितीत सु. १२·६ व्होल्ट असतो. एंजिन वेगात असता तो सामान्यतः १३·८ ते १४·४ व्होल्ट व्हावा. तो न वाढल्यास भारण होत नाही. तो १५ व्होल्टच्या वर गेल्यास सामान्यतः नियामक बिघडलेला असतो. अशा वेळी साधा इशारा दिवा विझलेलाच राहतो, परंतु घटमालेतील पाणी वारंवार आटते व दिवे जळतात. चालू एंजिनावर घटमालेची तार काढून जनित्राची परीक्षा घेण्याची डायनामोच्या काळातील सवय अल्टरनेटरला मात्र घातक ठरते. कारण अशा वेळी दाब एकदम वाढून डायोड जळतात.