कामाचा रकाना

आज जरा मोठ्या आकड्यांचा हिशोब करू या. आकडे सरकारी आहेत, पण आपल्याबद्दलचेच आहेत.

१९६१ च्या जनगणनेत भारतात काम करणाऱ्या बाया निघाल्या ५ कोटी ९४ लाख. दहा वर्षांनी, १९७१ ला, पुन्हा मोजणी झाली. तोवर देशाची लोकसंख्या ४४ कोटींवरून ५५ कोटींच्या घरात गेली होती. आणि काम करणाऱ्या बाया किती? ३ कोटी १३ लाख. माणसं वाढली, बाया वाढल्या, पण कामकरी बाया जवळजवळ निम्म्या झाल्या.

मग त्या गेल्या कुठे? कोणी खुरपं टाकून दिलं नव्हतं, डोक्यावरचा भारा उतरवला नव्हता. बदलला होता तो विचारायचा प्रश्न.

१९६१ ला शेतीसारख्या हंगामी कामाचा नियम असा होता, की हंगामातला बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त काम नियमित केलं असेल, तर ती बाई कामकरी. १९७१ ला आधी विचारलं, ‘तुमचं मुख्य काम कोणतं?’ आता सांगा, पहाटे उठून पाणी भरायचं, शेण काढायचं, भाकरी थापायच्या, मग निंदायला जायचं, सांजेला सरपण घेऊन परत चुलीपुढं. यातलं मुख्य काय आणि बिनमुख्य काय? त्यात बहुतेक ठिकाणी उत्तर देणार घरातला कर्ता पुरुष. तो ओट्यावरूनच सांगायचा, ‘ती घरीच असते.’ मोजणीला आलेला प्रगणक तसं लिहून घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचा.

१९६१ चं माप फार सैल होतं, असंही काही जाणकार म्हणतात. असेलही. पण पुरुषांच्या आकड्याला या बदलाचा एवढा धक्का बसला नाही. सैल मापानं ५ कोटी ९४ लाख आणि घट्ट मापानं ३ कोटी १३ लाख येत असतील, तर फरक मापात आहे, बायांत नाही.

लगेच पुढच्या वर्षी, १९७२ ला, आपल्या महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आपल्या आया-आज्ज्यांकडून त्याच्या गोष्टी आपण ऐकल्यात. सरकारनं कामं काढली, रस्ते, तलाव, नाल्याचे बांध. खडी फोडायला, माती वाहायला बाया मोठ्या संख्येनं आल्या. पुढं त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. तिथं हजेरीपट होता आणि मजुरी नावावर मिळायची, म्हणून बायांची नावं कागदावर चढली. जनगणनेच्या रकान्यात जी ‘घरीच’ होती, ती हजेरीपटावर हातोडी घेऊन उभी होती.

आता कोणी म्हणेल, कागदावर निम्म्या झालो तर आपलं गेलं काय? गेलं ते असं. योजना आखणारा माणूस आपल्या गावात येत नाही, तो आकडा वाचतो. शेतीचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं, तर शेतकऱ्याला. शेतकरी कोण, तर आकड्यात दिसतो तो. बाई गृहिणी म्हणून मोजली, की तिच्या वाट्याला शिलाईचा वर्ग येतो. शिलाई वाईट नाही, पण जिची पाठ कापूस वेचून वाकली तिला कापसाचंही कोणी विचारावं की नाही?

हा गोंधळ ओळखला तोही बायांनीच. १९७१ ला भारत सरकारनं स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला एक समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या आणि पुढं वीणा मजुमदार सचिव झाल्या. १९७४ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या अहवालाचं नाव मराठीत ‘समतेकडे’ असं सांगता येईल. सरकारचेच आकडे पुढं ठेवून त्यांनी दाखवलं, की कामकरी बायांचं प्रमाण घसरतंय. आणि दर हजार पुरुषांमागं १९०१ ला ९७२ बाया होत्या, त्या १९७१ ला ९३० उरल्यात. स्वातंत्र्यानंतर सगळं आपोआप सुधारतंय, हा समज त्या अहवालानं मोडला.

मग देवकी जैन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दुसरी वाट धरली. ‘काम करता का’ हे विचारायचंच नाही, दिवसभर कोण काय करतं ते नोंदवायचं. १९७६-७७ मध्ये राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही गावांत त्यांच्या संस्थेनं ही पाहणी केली. ज्या बायांच्या नावापुढं फक्त घरकाम लिहिलं जायचं, त्यांतल्या काही तासन् तास धान्य पाखडत होत्या, मळणी करत होत्या, भात उकडत होत्या.

सरकारला हे पटायला वेळ लागला. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच ‘शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं काम धरून’ अशी भर पडली, प्रगणकांनाही तसं शिकवलं गेलं. वेळ मोजणारी पहिली मोठी सरकारी पाहणी १९९८-९९ ला सहा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. सगळ्या देशात ती झाली २०१९ ला.

त्या पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायांचा दिवसाला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, म्हणजे पाच तास. पुरुषांचा ९७ मिनिटं. पण इथं एक खोच आहे. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. बायांमध्ये असं काम करणाऱ्या शंभरात ८१, पुरुषांत शंभरात २६. म्हणजे ९७ मिनिटं हीसुद्धा त्या चौथ्या हिश्श्याच्या कौतुकाची, बाकीच्यांचा शून्य त्यात धरलेलाच नाही. २०२४ ला पुन्हा पाहिलं तर बाया २८९ आणि पुरुष ८८. आपली दहा मिनिटं वाचली, त्यांचीही नऊ वाचली. कशामुळं, ते हे आकडे सांगत नाहीत. गॅस, नळ, मिक्सर, काहीही असेल. पुरुषांनी जास्त हात लावला म्हणून वाचली, असं मात्र म्हणता येत नाही.

रकान्याची गोष्ट कोर्टातही गेली. अपघातात वारलेल्या एका गृहिणीच्या भरपाईचा खटला २०१० ला सर्वोच्च न्यायालयात आला. कमाई नाही, मग भरपाई कशाच्या हिशोबानं? २००१ च्या जनगणनेनं घरकाम करणाऱ्या बायांना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात टाकलं होतं, त्यावर न्यायालयानं कडक ताशेरे ओढले आणि भरपाई अडीच लाखांवरून सहा लाख केली.

आता पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे. २०११ नंतर थेट ही. त्या वेळी विचारलं होतं, ‘गेल्या वर्षभरात कधीही काम केलं का?’ आणि उत्तराला तीन वाटा होत्या: सहा महिने किंवा जास्त, तीन ते सहा महिने, तीन महिन्यांहून कमी. नियमानं फक्त घरच्या वापरासाठी म्हैस सांभाळून दूध काढणंही कामात धरलं होतं. तेच दूध तापवून लेकराला पाजणं धरलं नव्हतं, तो भाग अलाहिदा.

तेव्हा येत्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवू या. मागच्या वर्षी निंदणी किती दिवस, वेचणी किती दिवस, सोयाबीनची काढणी किती दिवस, गोठा वर्षभर. प्रत्येकीनं आपापली बेरीज करून ठेवायची. प्रगणक दारात आला आणि कारभाऱ्यांनाच विचारू लागला, तर आतून बाहेर यायचं आणि आपलं उत्तर आपण द्यायचं. धारेच्या वेळेला आला, तर पाणी देऊन दोन मिनिटं बसवून ठेवायचा.