लुडोला किती गुण? पच्चिसीच्या पटावरून एक मूल्यमापन

(१/२०)
२०२० च्या टाळेबंदीत घरोघरच्या मोबाइलवर एक जुना पट पुन्हा मांडला गेला. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ त्या काळात कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचला. भारताचा प्राचीन खेळ फोनवर अवतरला, असे लुडोच्या ॲपांविषयी सर्रास म्हटले जाते. हे विधान इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा हा धागा.

(२/२०)
मोबाइल खेळाला गुण देताना साधारणतः चित्रे, वेग आणि जाहिरातींचा जाच पाहिला जातो. खेळ जुना असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: माध्यम बदलताना खेळातले काय टिकले आणि काय गळाले? त्यासाठी येथे चार निकष घेतले आहेत: दानाचा स्वभाव, नकाराचा अधिकार, जोडीदार आणि बैठक. प्रत्येकी १० गुण.

(३/२०)
प्रथम एक गैरसमज दूर करू. महाभारतातले द्यूत म्हणजे पच्चिसी नव्हे. प्राचीन द्यूतात बेहड्याची फळे अक्ष म्हणून वापरली जात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तातही बेहड्याचेच अक्ष आहेत. शकुनीसमोर अंथरलेला फुलीच्या आकाराचा पट ही बरीच नंतरची कल्पना असून दूरदर्शन मालिकांनी ती मनात पक्की केली.

(४/२०)
दख्खनमध्ये अक्षक्रीडेचे शिल्पांकन जुने आहे. वेरूळच्या लेणे क्र. २१ आणि २९ मध्ये शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले दिसतात. फाशांचा खेळ त्या काळी लोकांच्या परिचयाचा होता, एवढे या शिल्पांवरून सांगता येते. तो पट पच्चिसीचाच होता, असा निष्कर्ष मात्र त्यावरून काढता येत नाही.

(५/२०)
भक्कम लिखित आधार सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिळतो. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त चौपडीचे वर्णन केले आहे: फुलीच्या आकाराचा पट, चार खेळाडू, सोळा सोंगट्या आणि फासे. अकबराने याच धर्तीवर ‘चंदल मंडल’ नावाचा मोठा खेळ रचल्याचेही तो नोंदवतो. त्यात सोळा खेळाडू आणि चौसष्ट सोंगट्या असत.

(६/२०)
अबुल फझल सांगतो की दरबारी डावांत कधी दोनशेहून अधिक माणसे असत, सोळा डाव पूर्ण केल्याशिवाय घरी जाता येत नसे आणि काही वेळा हे सत्र तीन महिने चाले. खेळाच्या मिषाने बादशहा माणसे पारखतो, असे त्याचे समर्थन आहे. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात दासींना सोंगट्या करून खेळ होई, ही प्रसिद्ध कथा मात्र त्याच्या वर्णनात येत नाही.

(७/२०)
चौपड लांबट फाशांवर खेळली जाते, पच्चिसी कवड्यांवर; पट जवळजवळ तोच. मराठीत हे खेळ सारीपाट आणि सोंगट्या या नावांनी ओळखले जातात. पट कापडी. मधल्या चौकोनाला चार बाहू, प्रत्येक बाहूत आठ घरांच्या तीन रांगा. एकूण ९६ घरे. त्यांपैकी बारा फुलीची, म्हणजे सुरक्षित. सोंगटी मधून निघते, फेरा पूर्ण करून पुन्हा मध्येच येते.

(८/२०)
आता पहिला निकष, दानाचा स्वभाव. एका प्रचलित पद्धतीत सहा कवड्या टाकतात. दोन ते सहा कवड्या उताण्या पडल्या तर तेवढेच दान. एकच उताणी पडली तर दहा. सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. खेळाचे नावच या दानावरून आले. सहा, दहा आणि पंचवीस या दानांना आणखी एक फेक मिळते.

(९/२०)
कवडी उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता समान धरली तर सहा कवड्या ६४ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी २० वेळा तीन पडतात, १५ वेळा दोन, १५ वेळा चार. पाच फक्त ६ वेळा, सहा एकदा, दहा ६ वेळा, पंचवीस एकदा. खऱ्या कवडीच्या आकारामुळे हे प्रमाण थोडे बदलते. मात्र सगळी दाने सारखी येत नाहीत, हे सूत्र कायम राहते.

(१०/२०)
याचा अर्थ पटावर लगेच दिसतो. शत्रूच्या दोन, तीन किंवा चार घरे पुढे उभी असलेली सोंगटी मोठ्या धोक्यात असते: ६४ पैकी ५० फेकी त्या तीन दानांच्या आहेत. पाच घरे पुढे सरकली की धोका एकदम घटतो. कोठे थांबावे याचा विचार त्यामुळे सार्थ ठरतो. लुडोच्या एका फाशात एक ते सहा ही सगळी दाने सारख्याच शक्यतेची. तेथे एक घर पुढे आणि सहा घरे पुढे यांत फारसा फरक उरत नाही.

(११/२०)
पटाची रचनाही दानांशी बांधलेली आहे. बाहूच्या टोकाला, मधल्या रांगेत, फुलीचे घर असते. मधल्या चौकोनातून पंचवीस घरे मोजली की सोंगटी शेजारच्या बाहूच्या अशाच घरात पोहोचते. परतीच्या वाटेवरही घरापासून नेमके पंचवीस अंतरावर फुली आहे. तेथे निर्धास्त बसून पंचवीसच्या दानाची वाट पाहणे हा जाणत्या खेळाडूचा डाव असे.

(१२/२०)
वाट पाहता येते, कारण दान नाकारता येते. हा दुसरा निकष. पच्चिसीच्या प्रचलित नियमांत दान पडले तरी सोंगटी हलवलीच पाहिजे अशी सक्ती नाही. पुढे धोका असेल तर खेळाडू जागेवर राहू शकतो. दान दैवाने दिलेले, ते घ्यायचे की सोडायचे हे माणसाने ठरवायचे. या खेळातील बुद्धीचा मोठा भाग या एका सवलतीत सामावलेला आहे.

(१३/२०)
तिसरा निकष जोडीदाराचा. पच्चिसी चौघांत, दोन विरुद्ध दोन अशी खेळली जाते. समोरासमोर बसलेले दोघे एका पक्षाचे. एकट्याच्या चार सोंगट्या घरी गेल्या म्हणजे विजय झाला असे नाही. जोडीदाराच्याही जाव्या लागतात. त्यामुळे पुढे असलेला खेळाडू घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी आत न नेता पुन्हा फेऱ्यावर काढतो आणि जोडीदाराच्या मागावरची शत्रूची सोंगटी मारतो. स्वतःचा विजय लांबवून दुसऱ्याला सावरणे ही येथे उत्तम खेळी ठरते.

(१४/२०)
एकोणिसाव्या शतकात हा पट समुद्रापार गेला. अमेरिकेत तो ‘पार्चिसी’ झाला. सेल्चो अँड रायटर कंपनीने १८७४ मध्ये या नावाचे व्यापारचिन्ह नोंदवले. कवड्यांच्या जागी फासे आले. तरीही बाहेरचा फेरा ६८ घरांचा राहिला आणि बारा सुरक्षित घरेही टिकली. मूळ पटाची ओळख त्यात अजून पटते.

(१५/२०)
इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये ‘लुडो’ या नावाने पेटंट घेतले गेले. लॅटिनमध्ये लुडो म्हणजे ‘मी खेळतो’. बाहू आठ घरांवरून सहा घरांवर आले, फेरा ५२ घरांचा झाला, कवड्यांची जागा एका फाशाने घेतली, जोडी सुटून प्रत्येकजण स्वतंत्र झाला. लहान मुलांना चटकन समजावा असा हा घरगुती खेळ होता आणि त्या कामासाठी तो उत्तम होता. पुढे हेच रूप भारतातील दुकानांत पुठ्ठ्याच्या पटावर आले. त्याच्या पाठीवर बहुधा सापशिडी असे.

(१६/२०)
मोबाइलवर आले आहे ते हे १८९६ चे रूप. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही. दहा फेकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. म्हणून अनेक ॲपांनी झटपट प्रकार काढले. चाल शक्य असेल तर ती करावीच लागते. एकच चाल शक्य असेल तेव्हा ती पुष्कळदा आपोआपच होते. नकाराचा अधिकार येथे पूर्ण संपला. काही ॲपांत दोन विरुद्ध दोन खेळण्याची सोय आहे, एवढाच जोडीचा अवशेष.

(१७/२०)
चौथा निकष बैठकीचा. येथे मोबाइलला न्याय दिला पाहिजे. टाळेबंदीत वेगवेगळ्या शहरांत अडकलेली भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे एका पटावर आली, हे काम कापडी पटाला जमले नसते. पण कवड्या सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतात. फोनमधला फासा कसा पडतो ते कोणालाच दिसत नाही. हरलेल्या खेळाडूचा संशय पूर्वी समोरच्या हातावर जाई आणि तेथेच भांडून मिटे. आता तो यंत्रावर जातो आणि तसाच राहतो.

(१८/२०)
हा वाद नुसत्या आवडीनिवडीचा नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. साहजिकच २०२१ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या एका लुडो ॲपवरून मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न गेला: लुडो कौशल्याचा की नशिबाचा? ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला ठेवला आणि असे सगळे खेळ निषिद्ध केले. पच्चिसीवरही पैजा लागत, हे विसरता येणार नाही. पण प्रश्न ज्या खेळाविषयी विचारला गेला, त्यातील कौशल्याचा मोठा वाटा १८९६ मध्येच काढून टाकलेला होता.

(१९/२०)
आता गुण. पच्चिसीचे रूपांतर म्हणून मोबाइल लुडो:
दानाचा स्वभाव: २
नकाराचा अधिकार: ०
जोडीदार: ३
बैठक: ७
एकूण ४० पैकी १२.
इंग्लंडच्या लुडोचे रूपांतर म्हणून पाहिले तर त्याला जवळजवळ पूर्ण गुण द्यावे लागतील. ॲप बनवणाऱ्यांनी आपल्यासमोरच्या खेळाशी इमान राखले. चूक आहे ती त्या खेळावर प्राचीनतेची मोहोर उमटवण्यात.

(२०/२०)
अस्सल पच्चिसी फोनवर आणणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही: सहा कवड्या, ९६ घरे, नकाराचे एक बटण आणि जोडीदारासाठी दुसरा फेरा. अवघड आहे ते नियम गोळा करणे, कारण ते गावोगावी, घरोघरी बदलत असत आणि बहुतांशी तोंडीच चालत. घरात कापडी पट असेल, कोणी सारीपाट किंवा अष्टाचंगा खेळलेले असेल, तर त्यांच्या पद्धतीचे नियम आजच लिहून घ्यावेत: कवड्या किती, कोणत्या दानाला पुन्हा फेक, फुलीच्या घरात सोंगटी मारता येते का, दान सोडता येते का. नियम माहीत असलेली माणसे गेली की संग्रहालयात पट उरेल आणि तो खेळायचा कसा, हे सांगायला कोणी नसेल.

(समाप्त)