उपाशीपोटीचं इन्सुलिन

कॉम्प्युटरवर आपण काहीच करत नसलो तरी मागे चार-दोन प्रोसेस चालूच असतात. शरीराचंही तसंच. आपण झोपलेलो असलो तरी यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत राहतं आणि तिला आवर घालायला स्वादुपिंड थोडं थोडं इन्सुलिन सोडतं. हेच 'बेसल' इन्सुलिन. टाइप १ मधुमेहात ते बाहेरून द्यावं लागतं. पण किती, आणि कसं?

११ जानेवारी १९२२ ला टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फारसं लागू पडलं नाही. २३ तारखेला जास्त शुद्ध केलेलं औषध दिलं आणि पोरगा सावरला. पण असर टिकायचा जेमतेम काही तास. म्हणजे दिवसभर सुया!

१९३६ साली डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी इन्सुलिनला प्रोटामिन जोडून त्याचा वेग कमी केला. गंमत म्हणजे हे प्रोटामिन आलं ट्राउट माशाच्या शुक्राणूंतून. त्यातूनच १९४६ मध्ये एनपीएच आलं. मात्र टोचल्यावर काही तासांनी त्याचा जोर वाढतो. तेव्हा पोटात अन्न हवंच.

आता आपलं दातिवरे घ्या. वैतरणेच्या मुखाजवळचं मासेमारीचं गाव. बोट कधी सुटणार हे भरती-ओहोटी ठरवते, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. एनपीएच मात्र घड्याळावर चालतं. बोटीवर जेवण लांबलं की साखर उतरलीच. तारापूरच्या कारखान्यातली नाइट शिफ्ट काय किंवा आपले रात्रीचे क्लायंट कॉल काय, गोष्ट तीच.

२००० साली अमेरिकेत ग्लार्जिनला मान्यता मिळाली. बाटलीत ते आम्लधर्मी असतं. त्वचेखाली गेलं की त्याचे बारीक कण बनतात आणि सुमारे दिवसभर सावकाश विरघळतात. जोर जवळपास सपाट, त्यामुळे जेवणाची वेळ आता माणूस ठरवू शकतो.

डोस बरोबर आहे का हे कळतं ते घरच्या ग्लुकोमीटरमुळे. डॉक्टरांच्या सल्ल्याने एक जेवण टाळायचं आणि दर एक-दोन तासांनी साखर बघायची. चढत गेली तर बेसल कमी पडतंय, उतरत गेली तर जास्त होतंय. साखर फारच उतरली तर चाचणी तिथेच थांबवून गोड खायचं. सरळ डीबगिंग आहे हो, एका वेळी एकच व्हेरिएबल!

आणि "आज उपास आहे, मग सुई कशाला?" असं टाइप १ च्या कुणी म्हणालं तर त्याला अडवा. जेवणाची सुई टळेल, बेसलची नाही. ती पूर्ण बंद केली तर रक्तात कीटोन साठून एखाद्या दिवसातच जिवावर बेतू शकतं.