वळण घेणे (मोटारसायकल)
मोटारसायकल झुकवून, तोल राखत दिशा बदलण्याचे कौशल्य. धुळे-जळगावकडचे रस्ते बहुतांशी सपाट व सरळ. त्यामुळे नव्या स्पोर्ट बाइकची खरी ओळख चाळीसगाव-कन्नड दरम्यानच्या औट्रम घाटातच होते. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचे नाव या घाटाला आहे.

वेग घेतलेली गाडी हॅन्डल फिरवून वळत नाही. डावीकडे जायचे तर डाव्या तळहाताने डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी. चाक क्षणभर उजवीकडे जाते आणि गाडी डावीकडे झुकते. नवख्याला हे उलटे वाटते, म्हणून आधी मोकळ्या मैदानात हात बसवावा. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० कि.मी. वेगाला सुमारे २३ अंश झुकाव लागतो, ५० ला ३३. वेगातली थोडी वाढ अशी महागात पडते.

ब्रेक व गियरचे काम वळणाआधी उरकावे, गुडघ्यांनी टाकी धरावी, कोपर सैल ठेवावेत. नजर वळणाच्या शेवटाकडे हवी. खड्ड्याकडे पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते. उजव्या वळणावर चाक आपल्या बाजूला असले तरी झुकलेले डोके मध्यरेषेपलीकडे जाऊ शकते, आणि समोरून ट्रक येत असतो. पहिल्या पावसात सांडलेले डिझेल वर येते. तेव्हा झुकाव कमीच ठेवावा.