न्यू ऑर्लिन्समधील कॅथलिक शाळांची वर्णीय रचना

प्रस्तावना :
अमेरिकेतील शालेय वर्णविभक्तीचा अभ्यास बहुधा १९५४ च्या ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या निकालापासून सुरू होतो. तथापि हा निकाल सरकारी शाळांपुरता होता. धर्मसंस्थांच्या खासगी शाळा त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात कॅथलिक लोकसंख्या मोठी असल्याने तेथे हा प्रश्न विशेष तीव्र होता. तेथील कॅथलिक शाळांची वर्णीय विभागणी कशी घडली व प्रवेशबंदी उठल्यानंतरही ती का टिकली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वतंत्र धर्मग्राम :
कॅथलिक प्राथमिक शाळा सामान्यतः एखाद्या चर्चच्या क्षेत्राशी, म्हणजे धर्मग्रामाशी, जोडलेली असते. १८९५ मध्ये आर्चबिशप फ्रान्सिस जॅन्सन्स यांनी कृष्णवर्णीयांसाठी सेंट कॅथरिन हे स्वतंत्र चर्च सुरू केले. ज्या क्रिओल नेत्यांनी होमर प्लेसी यांचा खटला उभा केला होता, त्यांनीच या विभागणीसही विरोध केला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्लेसी यांचा पराभव झाला आणि पुढे विसाव्या शतकात असे धर्मग्राम व त्यांच्या शाळा वाढत गेल्या. विद्यार्थ्यांची वर्णीय विभागणी अशा रीतीने प्रार्थनास्थळांच्या विभागणीतून आली.

१९६२ चा आदेश :
आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५६ मध्ये वर्णविभक्ती हे पाप असल्याचे जाहीर केले. मात्र अंमलबजावणीस सहा वर्षे लागली. श्वेतवर्णीय श्रद्धाळूंचा संघटित विरोध होता. शिवाय राज्य खासगी शाळांतील मुलांनाही मोफत पाठ्यपुस्तके देत असे. ती मदत गमावण्याची भीती होती. १९६० मध्ये सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलींनी प्रवेश केला तेव्हा प्रक्षोभ उसळला. अखेर मार्च १९६२ मध्ये रमेल यांनी सर्व कॅथलिक शाळा खुल्या केल्या व एप्रिलमध्ये लिअँडर पेरेझ यांच्यासह तिघा विरोधकांना धर्मबहिष्कृत केले. त्याच महाधर्मप्रांतातील ब्युरास येथील शाळा बहिष्कारामुळे ओस पडली आणि १९६३ मध्ये तेथे स्फोट घडविण्यात आला.

निष्कर्ष :
आदेशाने प्रवेशबंदी उठली, पण धर्मग्राम, वस्ती व शुल्क यांची रचना कायम राहिली. स्थलांतरही प्रायः एकाच दिशेने झाले : कृष्णवर्णीय मुले श्वेतवर्णीयांच्या शाळांत गेली, उलट प्रवाह जवळजवळ नव्हताच. एकात्मतेचा भार त्यामुळे कृष्णवर्णीय बालकांवर पडला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या सेंट ऑगस्टीन हायस्कूलसारख्या कृष्णवर्णीय शाळा मात्र त्या समाजाच्या अभिमानाची केंद्रे बनल्या. सबब धार्मिक शाळांच्या वर्णीय प्रमाणाचे कारण केवळ प्रवेशनियमांत न शोधता चर्चच्या सीमारेषांतही शोधणे आवश्यक ठरते.