अडीच घरांचा राजा

अकोल्याला आमच्या आबांच्या बुद्धिबळात राजा डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायचा. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं नाहीत. शेवटी पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं, थेट वजीर नाही. हेच नियम डोक्यात घेऊन मी सातवीत असताना अमरावतीला पहिली स्पर्धा खेळलो. दुसऱ्या फेरीत ऐटीत राजा उडवला. समोरच्या पोराने शांतपणे हात वर करून पंचांना बोलावलं. संध्याकाळी बडनेऱ्याला गाडीची वाट बघताना बाबा म्हणाले, "आबाच्या हिशेबानं त तू जितला होता ना बे!"

हसू नका. मीर सुलतान खान देशी नियमांवरच वाढला आणि त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. नियम महिन्याभरात बदलता येतात. आमच्याकडच्या पोरांचं अडायचं ते आकड्यावर.

हा आकडा म्हणजे एलो रेटिंग. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची ही पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. फॉर्म्युला सोपा आहे: ४०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने दहा डावांत साधारण नऊ गुण मिळवावेत. पण गुण हवेतून येत नाहीत, ते समोरच्याकडून येतात. एकाच जिल्ह्यातली वीस पोरं वर्षभर एकमेकांशीच खेळली, तर सगळी सुधारतात आणि आकडे तिथल्या तिथे फिरत राहतात. (आमच्या भाषेत, क्लोज्ड सिस्टिम.) शिवाय कित्येक वर्षं पुरुषांना यादीत शिरायलाच २२०० लागायचे. २०१२ पर्यंत ही पायरी १००० वर आली. मग उलटा प्रश्न झाला, खालच्या पोरांचे आकडे त्यांच्या खेळापेक्षा फारच कमी दिसू लागले. म्हणून १ मार्च २०२४ ला फिडेने पायरी १४०० केली आणि २००० च्या खालच्यांना, २००० ला जितके कमी पडतात त्याच्या ४० टक्के गुण एकदाच वाढवून दिले. चक्क डेटाबेस मायग्रेशन!

ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. नॉर्मसाठी समोर किताबवाले हवेत, सहसा परदेशीही. ते काही विदर्भ एक्स्प्रेसने अकोल्याला उतरत नाहीत, आपल्यालाच जावं लागतं. प्रवास, हॉटेल, एन्ट्री फी, आणि सोबत एक पालक रजा टाकून. आनंद १९८८ ला ग्रँडमास्टर झाला, महाराष्ट्राचे पहिले प्रवीण ठिपसे १९९७ ला. अमरावतीचा स्वप्निल धोपाडे झाला २०१५ मध्ये, आणि तो अख्ख्या विदर्भाचा पहिला. माझ्या मते यातली अठरा वर्षं बुद्धीची नाहीत, तिकिटांची आहेत.

पुढे मात्र भराभर झालं. नागपूरचा रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये. आणि दिव्या देशमुखने तर नॉर्मचा जिनाच टाळला. तिच्याकडे एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. २८ जुलै २०२५ ला बातुमीत टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि किताब थेट मिळाला.

सोमवार होता. मीटिंग म्यूट करून बघत होतो, तेवढ्यात बाबांचा फोन.

"पाह्यलं का? काळ्यानं जितली पोरगी!"

मग थोडं थांबून, "आबाचा पट माळ्यावर आहे. दिवाळीत येशील तवा पोरीसाठी घेऊन जा."

आणलाय. एक उंट कमी आहे, त्याच्या जागी सध्या खोडरबर.