गहाळ फोनची बखर

मौल्यवान वस्तू हरवायची आणि मग तिच्यासाठी दरबारात खेटे घालायचे, ही परंपरा आपल्याकडे निदान कालिदासापासून आहे. शकुंतलेची अंगठी पाण्यात पडली, माशाने गिळली आणि कोळ्याला सापडली. तो ती बाजारात विकायला गेला तेव्हा शिपायांनी त्याला चोर म्हणून धरले, बडवले आणि राजवाड्यापाशी नेले. राजाने अंगठीच्या किमतीएवढे बक्षीस दिले, त्यातले अर्धे कोळ्याने शिपायांच्या हातावर ठेवले आणि सगळी मंडळी गळ्यात गळे घालून गुत्त्याकडे निघाली. कविकुलगुरू ही पदवी काही उगाच मिळत नाही. पण काउंटरमागे वीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर भलतीकडेच जाते. त्या अंगठीवर राजाचे नाव कोरलेले होते, आणि ते ओळखणारे दरबारात कोणीतरी होते. फोनच्या इतिहासात नेमक्या ह्याच दोन गोष्टींना उशीर झाला.

जुना काळा टेलिफोन हरवत नसे. तो वायरीने भिंतीला बांधलेला असे, शिवाय डायलला चिमुकले कुलूप. त्या कुलपाचा रोख चोरावर नसून शेजाऱ्यांवर होता, हे सुज्ञांस सांगणे न लगे. फोन मिळायलाच वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्यामुळे तो हरवण्याची कल्पना करण्याइतकी चैन कुणाला परवडत नव्हती. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर ह्या अमेरिकन इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. त्या फोनचे वजन किलोभराहून जास्त. असला ऐवज खिशातून मारणारा चोर आधी व्यायामशाळेत गेला असता.

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम ह्यांना मोबाइल लावला आणि भारतात फोन हरवण्याचे युग सुरू झाले. इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या कॉलची नोंद आहे. पहिला फोन कुणाचा गेला, ह्याची नाही. तो माणूस आपल्या दुःखात एकटाच राहिला.

फोनवरचे राजाचे नाव म्हणजे आयएमईआय. पंधरा आकडी. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, दर्शन होते. दोन सिमांच्या फोनला दोन, जुळ्यांना दोन बारशी घालावी तसे. पहिले आठ आकडे मॉडेलचे, पुढचे सहा त्या नगाचे, आणि पंधरावा निव्वळ तपासनीस. उजवीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट दोन आकडी झाली तर ते दोन आकडे मिळवायचे, मग सगळ्याची बेरीज. तिला दहाने भाग गेला तर नंबर शुद्ध. आयबीएममधल्या हान्स पीटर लून ह्यांनी ही युक्ती १९५४ साली पेटंटसाठी दिली, आणि तुमच्या एटीएम कार्डाचा नंबरही ह्याच हिशेबात बसतो. कॉमर्सच्या पदवीधराला ह्यात जो आनंद होतो तो इतरांना लेकाच्या लग्नातही होत नसावा. घरी हे गणित समजावून सांगायला घेतले की मंडळींना स्वयंपाकघरात कामे आठवतात.

खूण होती, पण दरबार नव्हता. शिवाय खूण पुसणारेही होते. ब्रिटनने २००२ मध्ये हा नंबर बदलणे गुन्हा ठरवले. आपल्याकडे तसा खास नियम व्हायला २०१७ उजाडले. त्याआधी २००९ अखेर आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा सरकारने बंद करविली होती, पण नंबर असणे वेगळे आणि एकाचाच असणे वेगळे. २०२० साली मेरठच्या पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे १३ हजारांहून अधिक फोन सापडले. एका नावाचे तेरा हजार इसम एका गावात निघाले तर पोस्टमनने काय करावे?

दरबार भरला तो १३ सप्टेंबर २०१९ रोजी, मुंबईत. रविशंकर प्रसाद तेव्हा दूरसंचार मंत्री होते. चोरीच्या फोनचे आयएमईआय एका जागी नोंदवून सगळ्या कंपन्यांनी तो फोन बंद करायचा, अशी 'सीईआयआर' नावाची व्यवस्था आधी आपल्या महाराष्ट्रात आली. सबंध देशाला ती १६ मे २०२३ रोजी मिळाली, 'संचार साथी' ह्या नावाखाली. मुंबईहून निघालेली कुठलीही सुधारणा आम्हां गोंदियाकरांपर्यंत सगळ्यात शेवटी पोचते. पण ह्या एका बाबतीत आमच्या पलीकडचे डोंगरगड आणि बालाघाट साडेतीन वर्षे आमच्यामागे राहिले. अशी संधी पुन्हा येणे नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

आमच्या भागात फोन जायची मुख्य जागा म्हणजे रेल्वे. नागपूरहून गाडी निघते, भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा करत गोंदिया, मग आमगाव, सालेकसा आणि पुढे राज्यच बदलते. झोपेत फोन नेमका कुठे गेला, हे झोपलेल्याने सांगायचे! पूर्वी ह्यावर हद्दीचा खल होई. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, खबर कुठल्याही ठाण्यात लिहून घ्यावी लागते. व्याकरणाचा प्रश्न मात्र उरतो. मराठीत आपण फोन हरवत नाही. फोनच हरवतो, जणू तो स्वतःच्या पायांनी गेला. 'चोरीला गेला' म्हटले की गुन्हा, 'गहाळ झाला' म्हटले की नुसती नोंद. 'गहाळ' हा शब्द ठाण्यांमध्ये इतका लाडका का, हे आता लक्षात येईल.

हे सगळे मला गेल्या धानाच्या हंगामात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकवले. धानाचे चुकारे खात्यात जमा होऊन चार दिवस झालेले. सकाळी बाजारात फोन गेला आणि ते बँकेत आले दुपारी साडेतीनला. "फोन गेला ना जी साहेब! आता कसा करू?" मधल्या वेळात त्यांनी दोन तास बाजार पालथा घातला, लोकांच्या फोनवरून स्वतःलाच रिंग दिली, मग दुकानात जाऊन बिल शोधले, मग ठाणे गाठले. सगळी कामे बरोबर, फक्त क्रम उलटा. चोराला त्यांच्या फोनपेक्षा आतले सिम अधिक मोलाचे होते. ते दुसऱ्या फोनात घातले की ओटीपी त्याच्या दारात. म्हणून पहिला कॉल सिम बंद करायला, दुसरा बँकेला, पैसे गेलेले दिसले तर तिसरा तातडीने १९३० ला, ठाणे त्यानंतर. मग त्याच नंबराचे नवे सिम, आणि तक्रारीची प्रत जोडून आयएमईआयचा अर्ज. नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत. लोक त्यावरून कंपनीला शिव्या घालतात, पण तुमच्या नावाने दुसऱ्याच कुणी सिम काढले असेल तर तेच चोवीस तास तुमचे खाते वाचवतात.

मी खाते गोठवले ती वेळ तीन बेचाळीस. त्याआधी दोन व्यवहार झाले होते, नंतर एकही नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तक्रार नोंदल्यानंतरच्या व्यवहाराचा भार बँकेवर. आधीचा मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असेल तर ग्राहकावर. पिन कुठे होता, असे मी विचारले. "कव्हरच्या मांगं, चिठ्ठीवर." मी परिपत्रक मिटले. पोराला कळवू या म्हटले, तर पोराचा नंबरही फोनबरोबरच गेलेला. काळ्या टेलिफोनच्या काळात माणसाला वीस नंबर तोंडपाठ असत. आम्ही खात्यावरच्या वारसदाराच्या नोंदीतून पोराचा नंबर काढला आणि माझ्याच फोनवरून त्याला नागपूरला लावला. बापाचा आवाज ऐकून तो पलीकडून आधी रागावला, मग गप्प झाला.

महिनाभराने बाबा पासबुक भरायला आले. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत पोराचा नंबर, खाली पंधरा आकडे. मी पासबुक मशीनमध्ये घालणार, तोच त्यांनी काचेतून हात घातला.

"त्या पानावर काही छापू नका जी."